पहिल्या रविवारची भाकर

प्रभुभोजनाची भाकर मी करायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षांत मला कोणी विचारलं असतं की बाई तू कोण, तर नाव सांगायच्या आधी मी हेच सांगितलं असतं. वणीतली आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम चाळीस माणसं. कौलारू प्रार्थनाघर, पुढे चार बाकं, मागे सतरंज्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा प्रत्येकाला मिळायचा. दुसरीकडे काय वाटत असतील ते असो, आमच्याकडे बेखमीर, म्हणजे न आंबवलेली, भाकर लागायची, गव्हाची, बिनमिठाची, आणि ती मंडळीतल्याच एका बाईनं आपल्या घरी करायची. माझ्या सासूनं ती वीस वर्षं केली. तिचे हात कापायला लागले तेव्हा तिनं परात माझ्याकडे सरकवली, आणि माझ्या जावेचं तोंड उतरलेलं मी डोळे भरून पाहिलं.

या कामाला एक नियम होता. भाकर करणारीच्या मनात कोणाबद्दल अढी नको, आणि कोणाच्या मनात तिच्याबद्दल नको. असली तर आधी जाऊन मिटवायची. मिटली नाही तर त्या महिन्यापुरती परात दुसरीला द्यायची. आठ वर्षांत मी परात एकदाही दिली नाही. म्हणजे मी कधी भांडले नाही असं कोणी समजू नये. माझी जीभ अख्ख्या पेठेला ठाऊक होती. पण शनिवारी सकाळी डोक्यावर पदर घेऊन मी शेजारणीच्या दारात उभी राहायचे, "काही चुकलं असंल तर माफ कर वं माय," असं एका दमात म्हणायचे, आणि ती काय बोलते ते ऐकायच्या आत घरी येऊन कणीक चाळायला बसायचे. नियम पाळला, झालं.

सत्तावन-अठ्ठावन सालच्या त्या हिवाळ्यात ती आली. मुकुटबनकडच्या एका तांड्यावरची, बंजारा समाजातली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. आजारी पडून मिशनच्या दवाखान्यात आली, बरी झाली आणि तिथंच पट्ट्या धुवायच्या कामाला राहिली. वर्षाभरानं तिनं बाप्तिस्मा घेतला. दिरानं निरोप पाठवला की आता आमच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. सासू तर तिचं नाव निघालं की थुंकते म्हणे. हे सगळं तिनं बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळीपुढे साक्ष देताना आम्हाला सांगितलं होतं, काही न लपवता. मलाच नंतर त्याचा उपयोग झाला.

बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेची बैठक असायची. तिथं प्रार्थना करायची ती मी. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, घरात तीन पिढ्यांचा विश्वास, शब्दांना काय तोटा? माझी प्रार्थना सुरू झाली की सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघायची आणि सगळ्या आजाऱ्यांची, प्रवाशांची, सरकारची विचारपूस करत पाव तासानं आमेनला पोचायची. एका बुधवारी मंडळीच्या पाळकसाहेबांनी तिला सांगितलं, आज तुम्ही करा. ती गुडघ्यावर बसली. मी एक डोळा उघडून पाहत होते. मग म्हणाली, "बापा, मी अठी हाये. तू पाहून राह्यला नं? सासूचे पाय दुखत असतील. मी दाबत होतो, आता कोणी नाही. तू दाब." बस्स. एवढंच. आमेनसुद्धा दुसऱ्यानं म्हटलं.

डोळे उघडले तर अर्धी खोली रडत होती. आमचे हेसुद्धा! माझा नवरा, कापसाच्या जिनातला कारकून, माझ्या प्रार्थनेत दहा वर्षं भिंतीला टेकून डुलक्या काढणारा माणूस, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की काय सांगू. देवाला पाय दाबायला सांगते? ही काय रीत झाली? पण रीत-बीत सगळं वरवरचं. मी जळत होते. मला ती प्रार्थना हवी होती. तिच्याऐवजी ती मला सुचली असती तर मी ती तशीच्या तशी केली असती, आणि लोक रडतात की नाही ते बोटांच्या फटीतून पाहिलं असतं.

त्यानंतर जिकडे तिकडे तीच. कंपाउंडरच्या आईला ताप आला, तिला बोलवा. गवळ्याच्या सुनेचे दिवस भरले, तिला बोलवा. मी समोर बसलेली असताना लोक मलाच विचारायचे, ती कुठं असंल हो? मी हसून पत्ता सांगायचे आणि घरी येऊन डाळ जाळायचे. ती मात्र मला प्रत्येक वेळी दोन्ही हात जोडून "सलाम, बाई" म्हणायची. तिच्यात खोट काढावी म्हणून मी महिनोन्महिने तिला न्याहाळलं. सापडली नाही. त्यानं तर मला आणखीच चीड यायची.

मग एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब माझ्याजवळ आले. "पुढच्या महिन्याची भाकर त्यांना करू देऊ या. तुम्हालाही जरा विसावा." मी म्हणाले, "अहो, आनंदानं." घरी गेले आणि परात अशी आपटली की शेजारीण धावत आली.

"भाकरच तं हाये," हे म्हणाले. "कायले एवढी तणतण करून राह्यली?"

"तुम्हाले नाही समजायचं."

"मले समजते. म्हणूनच म्हणून राह्यलो."

दोन दिवस मी अन्नाला चव दिली नाही आणि घेतलीही नाही. तिसऱ्या दिवशी मला सुचलं. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनं सांगितलंय ना, की वेदीजवळ दान घेऊन आलास आणि तिथं आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. आमचा भाकरीचा नियम त्यातूनच आलेला. आणि हिची सासू? हिचा दीर? त्यांच्या मनात काय कमी होतं? मी स्वच्छ लुगडं नेसून पाळकसाहेबांकडे गेले. आवाज खाली आणून, हात पदरात गुंडाळून मी त्यांना ते वचन दाखवलं. मी म्हणाले, "मला काही नाही हो, पण त्या बिचारीवर दोष येऊ नये. नियम सगळ्यांना एकच."

साहेबांनी ते वचन पुन्हा एकदा वाचलं. ते मनानं सरळ होते, दुसऱ्याच्या बोलण्यात वाकडं शोधायची त्यांना सवय नव्हती. "माझ्या लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले. "तुम्ही आठवण दिलीत, उपकार झाले." खोटं कशाला बोलू, परत येताना माझे पाय जमिनीवर नव्हते. पवित्र शास्त्रातलं वचन काढून मी एका बाईला बाजूला सारलं होतं, आणि वर शाबासकी घेऊन आले होते.

मला वाटलं होतं ती रडेल, हिरमुसेल, परात माझ्याकडेच राहील आणि विषय संपेल. समेट करायला खरंच कोण जातं? आठ वर्षं मी स्वतः दारातून दारात जात होते, पण तो समेट थोडाच होता. शुक्रवारी सकाळी ती गाठोडं घेऊन माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"साहेबांनी सांगतलं, तुमी वचन काढून दाखवलं," ती म्हणाली. "बरं केलं, बाई. मी तसंच पीठ मळलं असतं. सासूच्या मनात राग हाये हे खरंच हाये. मुकुटबनच्या गाड्या परत चालल्या, त्यात बसून जातो."

"ते लोक तुले घरात घेतील का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय माहीत. जा म्हटलं हाये तं जायचं." मग ती चुलीशेजारी गुडघ्यावर बसली. "माह्यासाठी प्रार्थना करा."

मी केली. चांगली लांबलचक केली. त्यातला एक शब्द मला आज आठवत नाही.

शनिवारी ती आली नाही. दुपारी पाळकसाहेबांचा निरोप आला की भाकर तुम्हीच करा. मी गहू आधीच धुऊन, वाळवून, दळून ठेवले होते. आता तुम्हीच समजा माझ्या मनात काय होतं ते. कणीक मळली, मंद आचेवर भाकर भाजली, एक डाग पडू दिला नाही. इतकी सुबक भाकर माझ्या हातून कधी झाली नव्हती.

रविवारी उपासनेआधी तांड्यावरचा एक म्हातारा बाजाराला आला होता, तो प्रार्थनाघराच्या दारात येऊन सांगून गेला. सासूला अर्धांगवायू झालेला, महिना झाला ती खाटेवर. करायला कोणी नाही. सुनेला पाहून ती थुंकली नाही, रडली. पण दिरानं अट घातली होती. म्हातारीचं करायचं असेल तर राहा, पण मग मिशनचं नाव काढायचं नाही, वणीला जायचं नाही. ती राहिली होती.

पाळकसाहेब वेदीपाशी गेले आणि नेहमीसारखं म्हणाले, ज्याच्या मनात कोणाविषयी काही असेल त्यानं स्वतःची परीक्षा करावी. मग ताट निघालं. माझ्या हातची भाकर, तुकडे केलेली, बाकावरून बाकावर सरकत माझ्यापर्यंत आली. तिच्या वाट्याचा तुकडा त्यात होता आणि तो घ्यायला ती नव्हती. ते मी केलं होतं. प्रभूच्या मेजापासून तिला दुसऱ्या कोणी उठवलं नव्हतं, मीच उठवलं होतं. मी हात पुढे केला नाही. ताट तसंच पुढच्या बाईकडे गेलं. चाळीस माणसांत ते कोणाला दिसलं नाही असं होत नाही.

पुढच्या महिन्यात मी परात पाळकीणबाईंकडे नेऊन दिली. "कोणाशी काही झालं का?" त्यांनी विचारलं. मला नाव सांगता येईना. त्यापुढच्या महिन्यातही ताट मी सोडलं. एका सकाळी हे एवढंच म्हणाले, "मुकुटबनची मोटार आठ वाजता सुटते."

मी गेले. सोबत साखर घेतली, एक जुनं पण धड लुगडं घेतलं. मुकुटबनहून तांड्यापर्यंत पायी. दीर शेतावर गेलेला. ती अंगणात म्हातारीला उन्हात बसवून तिचे केस विंचरत होती. मला पाहून उठली, "सलाम, बाई" म्हणाली, जणू आम्ही कालच भेटलो होतो.

वाटेत मी वाक्यं जुळवली होती. एकही निघालं नाही. "तुह्या भल्यासाठी नव्हतं सांगतलं मी," मी म्हणाले. "मले भाकर पाहिजे होती."

"माहीत होतं मले," ती म्हणाली.

"माहीत होतं? मंग गेलती काहून?"

"तुमच्या मनात काहीबी असो. वचन तं खरंच होतं नं? अन् म्हातारी खरंच पडली होती." तिनं कंगव्यातले केस काढून बाजूला ठेवले. "राग आलता. दोन दिवस आला. मंग गेला."

दोन दिवस! मी तिथं उभी राहून, माफी मागायला आलेली बाई मी, पुन्हा जळले. मला एक राग सोडायला वर्षं लागतात, आणि हिचा दोन दिवसांत जातो. देवानं हे वाटप कसं केलं, मला आजतागायत कळलेलं नाही.

मी साखर आणि लुगडं पुढे केलं. तिनं ते घेतलं, पण माझ्या हातांकडे पाहतच राहिली.

"भाकर नाही आणली?" तिनं विचारलं. "तीन महिने झाले, बाई. माह्या वाट्याची आणाल असं वाटलं होतं."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझं ओझं उतरवायला आले होते. तिला काय लागत असेल याचा मी वाटेत एकदाही विचार केला नव्हता.

"नाही आणली," मी म्हणाले. "पुढच्या खेपेले, तुहा दीर शेतावर असंल तेव्हा, साहेबांना घेऊन येतो. पाळकीणबाई करतात आता, त्याईच्या हातची आणतो."

"तुमच्या हातची आणा."

"नियम माहीत हाये नं तुले? मनात काही असलं तर करता येत नाही." खरं बोलायचं ठरवूनच आले होते, म्हणून तेही बोलले. "मले तुहा हेवा वाटते. अजून वाटते. आता, इथं उभी हाये तरी वाटते."

ती म्हातारीच्या मागे पुन्हा बसली आणि वेणी घालायला लागली.

"वाटू द्या," ती म्हणाली. "पण भाकर आणा."