झिंग्यांची पाठवणी

थर्माकोलचं झाकण कुरकुरलं की अजूनही माझा हात ते दाबून बसवायला पुढे जातो. चामोर्शीकडच्या एका गावात मी मच्छीमार संस्थेचा सचिव होतो आणि त्या वर्षी आमच्या तलावातले टपोरे झिंगे पहिल्यांदाच परदेशी जाणार होते. पहाटे पकडलेला माल बरफात दाबून डबे तलावाच्या बांधावर, पाळीवर, धानाच्या तुसात ठेवले, पण नागपूरची गाडी काही येईना. ऊन चढलं. ओल्या तुसाचा वास सुटला, डब्यांच्या कोपऱ्यांतून पाणी झिरपू लागलं आणि मी रस्ता ते पाळ नुसत्या येरझारा घालत राहिलो. वळून पाहावं तर कुणीतरी झाकण उघडलेलं. "बंद करा! गरम झाले तं कोणी घेणार नाई!" मी ओरडलो. आमची जाळी विणून देणारी म्हातारी हातातलं हळदकुंकू सांभाळत म्हणाली, "काऊन बोंबलून राह्यला बाबू? लेक सासरी धाडतानी तोंड नाई पाहत का? हे तं समुद्रापल्याड चालले." तिनं पाहिलं, मग तिच्या सुनेनं, मग शेजारणींनी. मी झाकणावरच बसलो, तर त्यांनी मलाच उठवलं. गाडी आली तेव्हा बरफाचं पाणी झालं होतं. गाडीतून उतरलेल्या व्यापाऱ्यानं डब्यात बोट बुडवून पाहिलं आणि सगळा माल नागपूरच्याच बाजारात विकला. कितीतरी दिवस मी म्हातारीशी बोललो नाही. परवा माझी मुलगी परदेशी निघाली, विमानतळाच्या काचेच्या दाराआड गेली. रांग तिच्यासाठी खोळंबली होती, मागचे लोक वैतागले होते, आणि मी फोनवर तिला म्हणत होतो, "एकडाव मांगं फीर ना बेटा, तोंड पाहू दे."