डमी अर्जावर निवडून आले

मी ग्रामपंचायतीवर निवडून आले आणि एक दिवसही मेंबर म्हणून बसले नाही. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, पण जो तो आपल्या सोयीने सांगतो. म्हणून मीच लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन सुनेने पाहिलं आहे, मजकूर माझा आहे.

खरी उभी राहणार होती ती सून. आमच्या वॉर्डात बाईची जागा होती. आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही अर्धा तास. सून बी.ए. झालेली, तिने पंचायतीला सहा अर्ज दिले, सहाही वेळा पोच घेतली. सहाव्या वेळी तिला तिथे सांगितलं, "तुमच्या मेंबरले सांगा." घरी येऊन ती मला म्हणाली, "आत्याबाई, सांगू कोनाले? मीच मेंबर होतो."

आमच्याकडे कुणी निवडणुकीला उभं राहिलं की घरातलं आणखी एक माणूस सोबत अर्ज भरतं. खऱ्या उमेदवाराचा अर्ज छाननीत उडाला तर जागा हातची जाऊ नये म्हणून. छाननी पार पडली की दुसऱ्याने आपला अर्ज मागे घ्यायचा. याला डमी म्हणतात. डमी मी होते. छाननीत दोघींचे अर्ज पास झाले.

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी मुलगा आम्हा दोघींना तालुक्याला घेऊन गेला. तहसीलच्या आवारात जत्रा भरलेली. कुणी कुणाला समजावतंय, कुणी कुणाला हाताला धरून आत नेतंय, कुणी रुसून गाडीत बसलंय. मला मोठी मजा वाटत होती. लिंबाखाली अर्ज लिहून देणारा बसला होता. त्याने मुलाला विचारलं, "नाव?" मुलाच्या कानाला मोबाइल. तीन आठवडे प्रत्येक कागदावर बायकोचं नाव घालत होता, त्याच सवयीने त्याने तिचंच सांगितलं. कागद तयार झाला. त्याने तो तिच्यापुढे धरला, "हं, सही कर इथं." तिनेही तीन आठवडे सह्याच केल्या होत्या. केली, आणि दोघांनी तो कागद आत नेऊन दिला.

मी म्हटलं, "काऊन रे, मले नाही कराची का सही?"

"झालं ना माय सगळं. चाल, चहा घेऊ."

तीन वाजून गेल्यावर यादी लागली. आमच्या जागेवर दोनच नावं. एक माझ्या चुलत जावेचं, दुसरं माझं.

मुलगा आत धावला. परत आला तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. एकदा मागे घेतलेला अर्ज पुन्हा घालता येत नाही, असं सांगितलं त्याला. घरात शिरताना सून एवढंच म्हणाली, "तुमाले बायकोचं नाव पाठ हाये, हे आज समजलं." त्यानंतर चार दिवस त्याच्या ताटात भाजी वाढायची, पण शब्द वाढायची नाही.

मुलाचं म्हणणं, आता मतं मागत फिरायचं नाही, जावेला येऊ दे निवडून. मी म्हटलं, "तिच्या दारात दोन दोन नळ हायेत. ते कायले आपल्यासाठी भांडन?" सून आतून म्हणाली, "आत्याबाई लढतील. मी फिरतो त्यांच्यासंगं."

मला चिन्ह मिळालं कपबशी. आणि खरं सांगते, मला चेव आला. वयाची सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखायचे, पण त्या दिवसांत दुखले नाहीत. तुरी सोंगायला, म्हणजे कापायला, आल्या होत्या. सकाळी बाया शेतात जायच्या आधी आम्ही दोघी निघायचो आणि दिवे लागायच्या वेळेला त्या परतल्या की पुन्हा. सून सगळं नीट सांगायची, टाकी किती मोठी, पाइप कुठे फुटलाय, किती घरं वंचित. मी एवढंच म्हणायचे, "मत देजा बाई. नाही देसान तर रोज येईन, रोज चहा पाजा लागन." बाया हसायच्या.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुले काय समजते वो पंचायतीतलं?"

"जे बसले होते त्यांना समजत होतं ना? मंग पानी कुठं हाये?"

जाऊ समोरून यायची, तिच्या मागे सात-आठ बाया. वाटेत थांबून म्हणायची, "बाई, या वयात देवाचं नाव घ्या."

"घेतो ना. हिले पाड, असं रोज म्हनतो त्याले."

ती हसली. आमचं बोलणं कधी तुटलं नाही, पण त्या पंधरा दिवसांत दोघींनीही एकमेकींकडचं विरजण मागितलं नाही.

मोजणीला मी तालुक्याला गेले. मुलगा म्हणाला, घरी थांब. मी म्हटलं, माझं नाव आहे, मी येणार. जाळीच्या अलीकडे उभं राहायचं होतं. आकडा ऐकू आला तेव्हा सुनेने माझा हात एवढा जोरात दाबला की बांगडी वाढली. मी निवडून आले होते! कोणी गुलाल टाकला, डोळ्यात गेला, काही दिसेना, तरी मी ओरडत होते. काय ओरडत होते आठवत नाही. लग्नात मला कुणी विचारलं नव्हतं, पोरं झाली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. इथे साऱ्या वॉर्डाला विचारलं आणि वॉर्डाने हो म्हटलं. आनंद झाला, मी तो लपवणार नाही.

गावात ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. उतरल्यावर मुलगा खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "माय, तू काही काळजी नको करू. महिन्याची मीटिंग मी पाहून घेईन. रजिस्टर घरी आनीन, तू फक्त सही करत जा."

नवीन काही नव्हतं ते. आमच्या गावात बाई निवडून आली की खुर्चीवर नवरा बसतो, नाहीतर पोरगा. मागच्या पाच वर्षांत आमच्या वॉर्डातली बाई मेंबर होती, तिने पंचायतीचं दार पाहिलं ते झेंडावंदनाला.

"तू कोन पाहून घेनारा?" मी म्हटलं. "कपबशी तुह्या नावासमोर होती का?"

"मंग तू बसशीन का तिथं? दोन तास? गुडघे धरून?"

हे मात्र तो खरं बोलला. सभेत नुसतं बसून भागत नाही, कागद वाचावे लागतात, कलमं सांगावी लागतात. मला भांडता येतं, कलम सांगता येत नाही. मी नाही म्हणत राहिले असते आणि सहा महिन्यांत तो माझ्या जागेवर बसलाच असता. मी ओळखते त्याला, मीच वाढवलंय.

मी सुनेला विचारलं, "माह्या जागेवर तू जाशीन का?"

"नाही जानार," ती म्हणाली. "तुमची बदली म्हनून नाही. तिथं बसीन तर निवडून येऊन बसीन."

"मंग मी सोडतो. तू उभी राह्य."

"आन् पडली तर?"

"तर पडली. जाऊबाई बसन. पन बसन तर बाई बसन."

मुलगा खूप चिडला. जिंकलेली जागा कुणी सोडतं का, लोक शेण घालतील तोंडात, म्हणाला. मी ऐकून घेतलं. पहिल्या सभेच्या आधीच राजीनामा लिहून घेतला आणि सुनेला घेऊन तालुक्याला गेले. टेबलावरचा माणूस म्हणाला, "आजी, अजून तर बसल्याबी नाही तुमी."

"म्हनूनच आली. बसल्यावर उठू वाटत नाही."

त्याने इकडे तिकडे विचारलं, मग कागद घेतला.

लोकांनी शेण घातलंच. "म्हातारीने खेळ केला आमच्या मताचा," असं मला तोंडावर म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. मी कुणाला समजावलं नाही. पोटनिवडणूक लागली तेव्हा सून एकटी फिरली, मला तिने मुद्दाम घरी ठेवलं. मी ओट्यावर बसून तळमळत होते. ती आली की मी विचारायचे, "काय म्हने? कोन काय म्हने?" ती म्हणायची, "तुमाले शिव्या देऊन राह्यले आन् मले चहा."

निवडून आली. माझ्यापेक्षा कमी मतांनी, पण आली.

पहिल्या सभेच्या दिवशी ती निघाली, हातात पिशवी, पिशवीत त्या सहा अर्जांच्या पोचा. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून सोबत निघाला. मी दूर राहून मागे गेले, मला घरी बसवेना. पंचायतीच्या पायरीशी ती थांबली आणि त्याला म्हणाली, "तुमी कुठं?"

"सोबत."

"आत मेंबर बसतात."

ती आत गेली. तो पायरीशी उभा. चुलत जाऊ गिरणीतून दळणाचा डबा घेऊन चालली होती, ती माझ्याजवळ थांबली.

"बाई, तुमचा पोरगा उन्हात उभा हाये की."

"असू दे," मी म्हटलं. "तू मले या ओट्यावर चढव, खिडकीतून दिसते का पाहू दे."

तिने डबा खाली ठेवला आणि मला पंचायतीच्या ओट्यावर चढायला हात दिला. खिडकीतून सुनेची पाठ दिसत होती. ती उभी राहून बोलत होती.