दुपट्ट्याखालचा हात

माझ्या थोरल्या भावाबद्दल माझ्या मनात अढी आहे आणि ती मी कधी लपवली नाही. बाबा गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा बोडीखालच्या बांध्या, बांध घातलेली धानाची शेतं, त्यानं स्वतःकडे ठेवल्या. बोडी म्हणजे आमच्या वाडवडिलांनी बांधलेला लहान तलाव. तिच्या पाण्यावर त्या बांध्यांतलं धान पाऊस रुसला तरी उभं राहायचं. मला मिळाली वरची मुरमाड जमीन. मी पंचांसमोर भांडलो, नको ते बोललो. माझं म्हणणं खरं होतं, पण पंचांच्या लक्षात राहिलं ते माझं ओरडणं. आजही मी हेच म्हणतो, की शांतपणे बोललो असतो तर दोन बांध्या तरी माझ्या झाल्या असत्या.

स्वातंत्र्य मिळून वर्षदीड वर्ष झालं असेल. ती मुरमाड जमीन विकून मी बायकोला घेऊन गोंदियाच्या कडेला मुर्रीत राहायला आलो. आधी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, विकली, मग बकऱ्या, आणि शेवटी गोरेगावच्या बाजारात बैलांचा दलाल झालो. कोणी हात धरून शिकवलं नाही. बैलाचे दात, खूर, चाल, सगळं उन्हात उभं राहून शिकलो.

आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नसत. दोघांनी हातात हात द्यायचा, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटं धरायची. आधी शंभराची बोटं, मग दहाची. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नसे. एकदा धरलेली बोटं समोरच्यानं मान्य केली आणि दुपट्टा ओढला, की सौदा पक्का. मग देवानंही येऊन सांगितलं तरी मागे फिरणं नाही.

या दुपट्ट्याखाली माझ्या रागानं मला एकदा चांगलंच आपटलं. केशोरीकडच्या एका शेतकऱ्यासाठी मी बैल घेत होतो. समोरचा दलाल म्हातारा, मुरलेला. बोटं धरता धरता हळूच म्हणाला, "काय गा, तुमच्या घरी तं बोडी आहे म्हणतेत. तू कायले बैलाच्या शेपट्या धरून राहिला?"

माझं डोकं फिरलं. चार बोटं धरायची होती, मूठ आवळली गेली आणि पाच धरली. म्हाताऱ्यानं झटकन दुपट्टा ओढला. "झालं!" आजूबाजूचे हसले. त्यानं ते वाक्य मुद्दाम टाकलं होतं, हे मला त्याचे पिवळे दात दिसल्यावर कळलं. केशोरीवाल्यानं जास्तीचे पैसे मोजले, दावं हातात घेतलं आणि मला एवढंच म्हणाला, "तुमी लय हुशार आहा जी. पण तुमच्यासंगं आता नाई येत."

घरी आलो तेव्हा बायको ओसरीवर बिड्या वळत होती. मुर्रीत तेव्हा घरोघरी बायका बिड्या वळत. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायचा, मांडीवर सूप घ्यायचं आणि वळत बसायचं. मी त्या म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सुपाच्या कडेला ठेवलेल्या चार बिड्या माझ्यापुढे केल्या.

"ह्या पाहा. सकाळी तुमी मले बोलले ना, त्याच्यानंतरच्या आहेत."

बिड्या कडक होत्या, काडीसारख्या. एक पेटवली तर ओढताना गाल आत गेले, पण धूर येईना.

"राग आला का बोटं आवळतेत," ती म्हणाली. "बिडी घट्ट होते. कारखान्यात अशी सारी छाटीत जाते, पैसे नाई भेटत. रडू आलं का सैल होते. मंग मी सूप खाली ठेवतो. जरा वेळ हातच पाह्यत बसतो."

"मंग राग जाते?"

"कधी जाते, कधी नाई जात. पण मले मालूम असते ना, का आला आहे. मंग त्या रागानं बिडी नाई वळत मी."

"बिड्या अन् बैल एकच आहे का?"

"बैल वेगळे असतीन जी. हात तं हातच आहे."

मी चिडून उठून गेलो. पण शब्द डोक्यात बसला. सौद्यात समोरच्याच्या हातावरून मी त्याचं सगळं ओळखत होतो. घाईत आहे, गरजू आहे, घाबरला आहे, थापा मारतो आहे. पण दहा वेळा पारखायचो तो हात दुसऱ्याचाच असायचा. त्याच दुपट्ट्याखाली माझाही एक हात असतो आणि तो समोरचा वाचतो, हे माझ्यासारख्या शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या बाजारापासून मी स्वतःचा हात पाहू लागलो. पहिले काही आठवडे फजितीच झाली. हात पाहायच्या नादात बोटं मोजायचं विसरलो. एकदा मोठ्यानं म्हणून गेलो, "थांबा, मले राग येऊन राहिला," तर समोरचा दलाल बैल सोडून पळायच्या बेतात आला. पण हळूहळू कळायला लागलं. माझा राग आधी अंगठ्यात येतो. तोंडात शिवी यायच्या आधी अंगठा दाबायला लागतो. दुपारी भूक लागली की तळवा कोरडा पडतो आणि सगळं जग लुच्चं वाटतं. भाकरी खाल्ली की तेच जग बरं वाटतं. आणि आनंदही काही कमी घातकी नाही. सकाळी एखादा सौदा जमला की पुढच्या सौद्यात माझी बोटं सैल सुटायची, उगाच उदार व्हायची. हे सगळं येतं आणि जातं, तळ्यावर बगळे उतरतात आणि उडतात तसं. आपण फक्त ते उतरलेत एवढं पाहायचं. अंगठा दाबायला लागला की मी हात बाहेर काढायचो, "दुपट्टा सरकला" म्हणायचो आणि पुन्हा घालायचो. बाजारात मला लोक दुपट्टेवाला म्हणून चिडवू लागले.

अशी काही वर्षं गेली. एका वर्षी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आला असताना भाऊ गोरेगावच्या बाजारात आला. वाटणीनंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्याच्या जोडीतला एक बैल मेला होता, कोणता तेही माझ्या कानावर आलं होतं. एका बैलानं चिखलणी होत नाही, आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तर लावायला आले होते. मिळेल त्या भावात दुसरा बैल नेल्याशिवाय त्याला घरी जाता येणार नव्हतं. फिरत फिरत तो नेमका ज्या बैलापाशी थांबला, त्याच्या मालकाचा दलाल मी होतो.

त्यानं मला पाहिलं. परत फिरला नाही. स्वतःचा दलालही केला नव्हता, चिकटपणा आमच्या रक्तातच आहे. हात पुढे करून म्हणाला, "बोल."

दुपट्ट्याखाली इतक्या वर्षांनी त्याचा हात माझ्या हातात आला. तो थंड होता. गरजू माणसाचा हात मी ओळखतो. मी चढा भाव धरला. त्यानं नकार दिला नाही, जरा थांबला. आणि मला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या बाजारात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. हा बैल उजव्या अंगाला जुंपायचा होता. भावाकडे उरलेला बैलही उजव्याच अंगाचा. वाटणीआधी तो गोऱ्हा असताना मीच त्याला उजवीकडे जुंपून तयार केला होता. दोन उजवे एका जुवाखाली घातले की ते एकमेकांना रेटतात, दावी तोडतात, चिखलात बसतात. सारा रोवणा हातचा जातो. बाजारात उभा बैल कोणत्या अंगाचा, हे पाहून कळत नाही. विचारावं लागतं. भाऊ घाईत विचारायचं विसरला होता.

मला फक्त गप्प बसायचं होतं.

अंगठा दाबायला लागला. मी हात बाहेर काढला.

"काऊन गा?" तो म्हणाला. "भाव नाई सुचून राहिला?"

"दुपट्टा सरकला."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. राग होताच. त्याच्यामागे एक खुशीही होती, तिची मला जास्त भीती वाटली. बोडीखालच्या बांध्यांत पऱ्हे पिवळे पडलेले मला दिसत होते आणि ते दिसणं मला आवडत होतं. मी तसाच उभा राहिलो. राग काही गेला नाही. पण तो माझ्या हातात आहे, मी त्याच्या हातात नाही, एवढी फट पडली.

"हा उजवा आहे," मी म्हणालो. "तुयाकडचाही उजवाच."

बैलाचा मालक माझ्यावर उसळला. "तू माया दलाल आहे का त्याचा?" त्यानं त्या दिवसापासून मला सोडलं, आणि त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. भाऊ मात्र त्या बैलापासून बाजूला झाला. मग म्हणाला, "डावा कुठं भेटीन?"

मी त्याला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेलो. चालताना त्यानं विचारलं, "लेकरं किती?" मी म्हणालो, "दोन." तो म्हणाला, "बरं आहे." बस, एवढंच. डावा बैल मिळाला. त्याचा भाव मी धरला नाही, बाजूला उभा राहिलो.

बांध्यांचं तो काहीच बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्या अर्ध्या माझ्या आहेत असं मी अजून म्हणतो. पण रागाला जागा देऊनही त्याच्या हाती दावं न देण्याची ही विद्या मला ओसरीवर बसून बिड्या वळणाऱ्या बाईनं दिली. तिचे उपकार मी सौद्यात कधी कमी धरणार नाही.

पंधरा दिवसांनी तिकडचा एक ओळखीचा माणूस बाजारात भेटला. म्हणाला, तुझ्या भावाचा रोवणा गावात सगळ्यांच्या आधी आटोपला. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मला त्या बरं वाटण्याचीच चीड आली, आणि दोन्ही एकाच वेळी येतात हे पाहून मी बाजारात एकटाच हसलो.