स्टेजच्या हिशेबातले बेचाळीस किलोमीटर

डॉक्टरांनी मला पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली, पोटरीवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा बोटानं दाबून पाहिल्या आणि विचारलं, "बस कंडक्टर का?"

"हो."

"किती वर्षं?"

"अकरा."

त्यांनी कागदावर ऑपरेशनची तारीख लिहून दिली. पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार. मी विचारलं, "डॉक्टर, त्यानंतर धावता येईल ना?" त्यांना वाटलं मी मस्करी करतोय. म्हणाले, "अहो, दिवसभर उभं राहायचं काम सोडा आधी. डेपोत टेबलाचं काम मागून घ्या. धावायचं तर नावच काढू नका."

मॅरेथॉन त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी होती. म्हणजे माझ्या हातात एक रविवार उरला होता. तो गेला की संपलं.

मॅरेथॉनचं हे वेड मला कधी लागलं ते नक्की सांगता येणार नाही. अकरा वर्षं मी रोज आठ-नऊ तास गाडीत पुढून मागं आणि मागून पुढं चालत होतो. संध्याकाळी पाय भरून यायचे, आणि मी मात्र होतो तिथंच. आपल्या पायांनी एकदा तरी लांब कुठंतरी जावं, मोजून जावं, असं फार वाटायचं. उपनगरात हायवेवर मॅरेथॉन होणार असं कळलं त्या पहिल्या वर्षी मी फॉर्म भरला, तर सणाची जादा ड्यूटी लागली. दुसऱ्या वर्षी रजा मंजूर होऊन ऐनवेळी रद्द झाली. त्या रविवारी मी तिकिटं फाडत होतो. एका पॅसेंजरशी सुट्ट्या पैशांवरून असा भांडलो की गाडीतले सगळे गप्प झाले. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

बायकोला ऑपरेशनची तारीख सांगितली. मॅरेथॉनची सांगितली नाही. तिनं ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्याच खुणेवरून ओळखली. "अहो, हे काय?" तिनं विचारलं. मी खुणेवरून बोट फिरवलं. मग ती म्हणाली, "मी तुम्हाला अडवत नाही. अडवून तुम्ही थांबणारे नाहीतच. पण ते पाय तुमच्या एकट्याचे नाहीत, एवढं लक्षात ठेवा." आणि स्वयंपाकाला लागली. त्या रात्री ताटात भाकरी जरा जोरातच पडली.

सराव मी आरे कॉलनीत करायचो. माझी गाडीही त्याच रस्त्यानं जायची, गोरेगावच्या नाक्यापासून गोठ्यांची युनिटं, पाडे, झाडी पार करत मरोळपर्यंत. सुट्टीच्या दिवशी पहाटे मी हाफ पँट घालून त्याच रस्त्यावर उतरायचो. दूध घालणारे भय्ये विचारायचे, "मास्तर, कौन भागा पैसे लेकर?" मी हात करायचो आणि पुढं जायचो. खरं सांगतो, तिथल्यासारखा खूश मी आयुष्यात कुठं नव्हतो.

अंतराची मला चिंताच नव्हती. कंडक्टरला अंतर कुणी शिकवायला नको. तिकिटाचा दर स्टेजवर असतो, आणि एक स्टेज म्हणजे दोन किलोमीटर, हे आम्हाला भरतीच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. माझ्या रूटवर पाच स्टेज. म्हणजे दहा किलोमीटर. जाऊन-येऊन वीस, दोनदा केलं की चाळीस, वर अजून एक स्टेज पळालं की बेचाळीस. झालं! शेवटच्या दोन महिन्यांत मी असे बेचाळीस चार वेळा पळालो, आणि साडेतीन तासांच्या आत. शेवटच्या स्टेजला जीव जायचा, डोळ्यापुढं अंधारी यायची, पण पळालो. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर हे मी आमच्या ड्रायव्हरला सांगायचो.

हा ड्रायव्हर नऊ वर्षं माझा जोडीदार. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, मालवणचा, तोंडानं फटकळ. एरवी आमच्यासारखं मुंबईचं बोलायचा, पण चिडला किंवा हळवा झाला की मालवणीत शिरायचा. मी म्हणायचो, "काल बेचाळीस मारले, तीन तास वीस मिनिटं!" तो स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत म्हणायचा, "झकास, मास्तर. झकास." याच्यापलीकडे काही नाही. मला वाटायचं, म्हातारा जळतो.

रविवारी सकाळी सहाला सांताक्रूझच्या मैदानातून सुटलो. तिथून हायवेनं थेट दहिसरच्या नाक्यापर्यंत आणि तसंच परत. पोटऱ्यांवर बायकोनं क्रेप बँडेज घट्ट बांधून दिलं होतं. धावणाऱ्यांच्या मागोमाग एक बस ठेवली होती, जे थकून थांबतील त्यांना उचलायला. बस आमच्या डेपोची, आमची रोजचीच होती आणि ती चालवायला, मागून घेऊन म्हणा किंवा योगायोगानं म्हणा, आमचाच ड्रायव्हर आला होता. मला बघून त्यानं खिडकीतून हात काढला. म्हणाला, "माझ्या गाडीत चढू नको हां आज."

जोगेश्वरीच्या पुढं मी घड्याळ बघितलं. पन्नास मिनिटं झाली होती. म्हणजे माझ्या हिशेबानं दहा किलोमीटर उरकले होते. पण दहाचा बोर्ड काही दिसेना. बोर्ड दिसला तेव्हा पासष्ट मिनिटं झाली होती. मी चक्क थांबलो आणि पाणी देणाऱ्या पोराला म्हटलं, "अरे, हा बोर्ड चुकीचा लावलाय! दहा कधीच झाले." तो म्हणाला, "काका, पळा." मला असा राग आला! मनात म्हटलं, एवढी मोठी शर्यत भरवतात आणि यांना साधं अंतर मोजता येत नाही.

आणि मग मी तो मूर्खपणा केला. वेळ हातातून जाते आहे असं वाटून पाय उचलले. मालाड, कांदिवली, बोरिवली, एकेकाला मागं टाकत गेलो. लोक टाळ्या वाजवत होते. दहिसरचा वळसा घेतला तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती, पण मी अजून बोर्ड लावणाऱ्यालाच शिव्या घालत होतो.

परतीला मालाड मागं पडलं आणि अंगात काहीतरी सुटल्यासारखं झालं. गुडघे ऐकेनात. डोळ्यापुढं अंधारी आली. ही अंधारी माझ्या ओळखीची होती. आरेमध्ये शेवटच्या स्टेजला यायची तीच, तेवढीच. डोकं वर केलं तर समोर बोर्ड होता, बत्तीस किलोमीटर.

तेव्हा कळलं. बोर्ड बरोबर होते. चुकलेला मी होतो, माझा स्टेजचा हिशेब होता. मी बेचाळीस कधीच पळालो नव्हतो, चार वेळा काय, एकदासुद्धा नाही. दर वेळी बत्तीसलाच थांबून, कमरेवर हात ठेवून, मी जिंकल्यासारखा हसलो होतो. ओकारीच आली. रस्त्याच्या कडेला वाकलो, नुसतं पाणी पडलं. वाट लागली होती, आणि अजून दहा किलोमीटर बाकी होते.

गोरेगावचा नाका आला. डावीकडं आरेचा रस्ता, सकाळच्या सावलीतला. तिथं वळावं आणि एखाद्या झाडाखाली आडवं व्हावं असं इतकं वाटलं की मी रडलो. बत्तीस-तेहतीस वर्षांचा बाप्या माणूस, नाक्यावर, लोकांच्या देखत. पण पाय वळले नाहीत. पुढच्या रविवारी पाय पट्ट्यांत असतील, हेच डोक्यात घुमत होतं. चालत राहिलो. चालणं कसलं, फरफटणं. उजव्या पोटरीत गोळे यायचे, मी थांबून मुठीनं ठोकायचो, पुन्हा दहा पावलं. एकेक माणूस मला मागं टाकून गेला आणि मग मागं कुणी उरलंच नाही.

जोगेश्वरीला पाठीमागून इंजिनाचा आवाज आला. बस. तिच्या दारात दंडावर पट्टी बांधलेला शर्यतीचा एक अधिकारी शिट्टी घेऊन उभा होता. "चला, वर या. साडेअकराला रस्ता खुला होणार आहे." मी नाही म्हणून मान हलवली आणि पाय ओढत राहिलो. तो पुन्हा ओरडला. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागं इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

वळून बघितलं तर ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडत होता. अधिकारी त्याच्यावर खेकसत होता, आणि तो डोकं आत घालून शांतपणे म्हणत होता, "साहेब, गाडी बंद पडली तर मी काय करू? ढकलू काय?" त्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं. नऊ वर्षं मी तिचा आवाज ऐकत होतो. तो मला वेळ काढून देत होता.

त्या तासाभरात मी जे पाय ओढले ते देवालाच ठाऊक. अंधेरी गेली, पार्ल्याचा सिग्नल गेला. बँडेज सुटून पायात लोळत होतं, ते काढून फेकलं. आता ऊन डोक्यावर होतं. विमानतळाच्या भिंतीपाशी चाळीसचा बोर्ड दिसला. दोन राहिले, फक्त दोन, असं मोठ्यानं म्हटलं आणि पुढच्याच पावलाला दोन्ही पोटऱ्या एकदम आवळल्या. मी दुभाजकाला धरून खाली बसलो. उठायला गेलो, पडलो. पुन्हा उठलो, पुन्हा पडलो. हातांवर जोर देऊन रांगायचा प्रयत्न केला, तर मांड्यासुद्धा लाकडासारख्या झाल्या. "ऊठ ना रे," मी स्वतःलाच म्हणत होतो, "ऊठ ना."

बस आली. अधिकारी म्हणाला, "बस झालं, घ्या याला आत." ड्रायव्हर उतरून माझ्याजवळ उकिडवा बसला. पोटऱ्या चोळायला लागला. मी म्हटलं, "सरावच कमी पडला. स्टेज दोन किलोमीटरचा नसतो. मी मूर्ख, मला कळलंच नाही."

त्याचे हात थांबले. मग खाली बघत म्हणाला, "माका म्हायत होतां."

"काय?"

"माका म्हायत होतां रे. माझ्या समोर किलोमीटरचो आकडो असता. आपलो सगळो रूट साडेसातच भरता. पहिल्याच दिवशी सांगतलंय असतंय, पण तू इतको खूश होतस. माका सांगूक जमला नाय."

दोन महिने. मनात आणलं असतं तर दोन महिन्यांत मी खरे बेचाळीस पळालो असतो. पायात तेवढं बळ होतं, मला ठाऊक आहे. मी त्याचा शर्ट गळ्याशी धरला. त्यानं सोडवला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याला मारावंसं वाटत होतं. हात उचलायची ताकद नव्हती, नाहीतर मारलंच असतं.

"अजून जातस?" तो म्हणाला. "गाडी पुन्हा बंद पाडतंय. होऊ दे मेमो."

मी उठायला बघितलं. एकदा, शेवटचं. नाही झालं. त्यानं आणि अधिकाऱ्यानं मला काखेत धरून पायरीवर चढवलं. आत थकलेले सात-आठ जण खिडकीला डोकं टेकून बसले होते. कुणी बघितलं नाही.

ड्रायव्हर पुढं जाऊन आपल्या सीटवर बसला. अधिकाऱ्यानं शिट्टी मारली. सकाळपासून गाडी त्याच्या शिट्टीवर निघत होती, आता निघेना. त्यानं पुन्हा मारली. "अरे, चलो ना!" इंजिन चालू होतं. ड्रायव्हर दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत होता, मागं वळून बघत नव्हता. तो कशासाठी थांबलाय हे त्या गाडीत फक्त मला कळत होतं. निघायच्या दोन घंट्या कंडक्टरनं दिल्याशिवाय तो मला घेऊन निघणार नव्हता. अजून उतरायचं असेल तर दार माझ्या बाजूलाच होतं.

मी दाराबाहेर बघितलं. रस्ता सरळ होता, मैदानाकडं जाणारा, पूर्ण रिकामा. मग मी डोक्यावरच्या दोरीला हात घातला आणि दोन घंट्या दिल्या.