पांढऱ्या पावाचं आमंत्रण

माझ्या एसटीडी बूथमधल्या फोनवर तांदळाचे दाणे सापडले की समजायचं, चांगुणामावशी येऊन गेली. दाराशी चपला काढून ती आत शिरायची, कमरेच्या पिशवीतून चिमूटभर तांदूळ काढून फोनच्या डोक्यावर ठेवायची आणि मगच मला म्हणायची, “लाव आथा, परभाकर.” सुरुवातीला मी वैतागलो. दाणे बटणांच्या फटीत जायचे आणि पुढचं गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडायचं. एकदा म्हटलं, “मावशी, हा फोन आहे, देव नाही.” ती जराही न रागावता म्हणाली, “कोनाला हाक माराची त आधी तांदूल ठेवाचा. नायतर हाक पोचत न्हाय.”

हे तिच्या धंद्यातून आलं होतं. ती राहनाळ गावची धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई ती धवलारीण, हे मलाही तिथे बूथ टाकल्यावरच कळलं. मी अंबाडीकडचा, आमच्यात ही पद्धत नाही. मांडव उभा राहिला की चांगुणामावशी मधोमध बसायची आणि एकेकाला लग्नाला बोलवायची. माणसांना बोलवायला पत्रिका असते. मावशी बोलवायची ती जात्याला, उखळाला, मुसळाला, चुलीला, हळकुंडाला, खाडीला, शिवेवरच्या देवाला. ती एक ओळ म्हणायची आणि भोवतीच्या बाया ती उचलायच्या. हे तासन् तास चालायचं. कागद कुठे नाही, सगळं तोंडपाठ. मी एकदा टेपवर भरून ठेवू का असं विचारलं, तर अशी बघायला लागली की जणू मी तिलाच डब्यात कोंडायला निघालोय.

“डब्यान् भरलेली हाक कोनाला पोचतंय रं?”

तिने शिकवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. भाची काही दिवस येऊन बसली, मग ब्युटी पार्लरच्या क्लासला लागली. लग्नांत बेंजो आणि मोठाले स्पीकर येऊ लागले होते. भाताच्या खाचरांवर गोडाऊनं उभी राहत होती, पैसा आला होता, आणि धवलारणीला “जरा आटप गो आये” असं सांगायची लाज कोणाला वाटत नव्हती. ती आटपत नसे. म्हणायची, “नाव घेतल्याबिगर कोन येत न्हाय. कोनाला गालू मी? चुलीला गालू?”

तिचा एकुलता एक मुलगा हरेश. बाप लवकर गेलेला. हा हॉटेलचं काम शिकला, बोटीवर खानसामा म्हणून लागला आणि फिरत फिरत एस्टोनिया नावाच्या देशात टॅलिन गावी उतरला, तो तिथेच राहिला. तिथे एका हिंदुस्थानी जेवणाच्या हॉटेलात तंदूरवर उभा असायचा. मग त्याने तिथल्याच मुलीशी कचेरीत सह्या करून लग्न केलं. मुलीचं नाव अनू. त्यांच्यातही हे नाव असतं म्हणे. मावशीला नाव ऐकून इतका आनंद झाला की तिने मला पेढे वाटायला सांगितले, माझ्याच पैशाने.

पण आनंद तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी ती बूथच्या पायरीवर येऊन बसली, ती तोंड उतरलेली. “सगल्या गावाच्या पोरांची लगना मी लावली. माज्या पोराच्या लगनाला जातं आलं न्हाय, उखल आली न्हाय. कोनी आवतानच न्हाय दिलं. मंग यो लगीन झाला कसा?” मी समजूत घातली, कायद्याने झालंय मावशी. “कायद्याला हलद लावतान काय?” तिने विचारलं. त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला: हरेश आणि अनू येतील, पाटावर बसतील, आणि ती आपल्या मुलाचा धवला गाईल. तेवढं झालं की आपली जबाबदारी संपली, असं ती उघड म्हणायची.

धवल्यात नवरीच्या माहेरच्या अन्नालाही बोलवावं लागतं. इथेच तिचं घोडं अडलं. पुढच्या फोनवर तिने हरेशला बाजूला सारून अनूला बोलवलं आणि विचारलं, “तुज्या आवशीच्या घरी भाकरीला काय बोलतान?” हरेश मध्ये बसून भाषांतर करत होता. उत्तर आलं, दोन असतात. एक काळी, राय नावाच्या धान्याची, रोजची. तिला ‘लेइब’ म्हणतात, आणि तीच तिकडची खरी भाकर. दुसरा गव्हाचा पांढरा पाव, त्याला म्हणतात ‘साय’. आपल्या दुधावरच्या सायीसारखाच उच्चार, संबंध काही नाही. मी म्हटलं, “मावशी, सरळ पाव म्हण ना. सगळ्यांना कळेल.”

“जात्याला जातं बोललास त जातं येल. त्याला दगर बोललास त येल का? तिच्या घरच्याला तिच्या घरच्या नावानच बोलवाचा.”

हरेश म्हणत होता की खरा मान लेइबला आहे, जमिनीवर पडली तर म्हातारी माणसं उचलून तिचा मुका घेतात, तिलाच बोलव. पण ती काळी आहे हे कळल्यावर मावशीने साफ नकार दिला. “लगनान् कालं न्हाय रं बाबा. तिला बोल, तू माज्या बाराव्याला ये.” हरेशने हे भाषांतर केलं की नाही कोण जाणे. अनू मात्र पलीकडून सांगत होती की तिच्या आजीच्या लहानपणी पांढरा पाव सणासुदीलाच मिळायचा. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, “बघलास?” आणि निवड पक्की झाली.

मग तो शब्द तिने जिभेवर बसवायला घेतला. अनू फोनवर म्हणायची, ही म्हणायची; अनू हसायची, ही पुन्हा म्हणायची. बूथबाहेर गोडाऊनचे हमाल रांगेत ताटकळायचे आणि आत एक म्हातारी डोळे मिटून साय, साय करत असायची. नाक्यावरच्या बेकरीत जाऊन ती म्हणू लागली, “भैया, एक लादी साय देव.” बेकरीवाला जौनपूरकडचा. आधी तो गोंधळला, “अम्मा, मलाई डेरी में मिलेगी.” तिने बोट दाखवलं. पुढे पुढे ती दिसली की तोच ओरडायचा, “अम्मा, साय गरम है, ले जाओ!” पाव ती घरी न्यायची. दात नव्हते, चहात बुडवून खायची आणि दर घासाला नाव घ्यायची. ओळही तयार झाली होती. मला एकदाच म्हणून दाखवली, अगदी हळू, कारण मांडवाबाहेर धवला म्हणायचा नाही:

“दर्या वलांडून ये गो, अनूचे घरचे साये,
साये गो बाय, तू ये माज्या मांडवान्.”

आवाज तेव्हाच थोडा घोगरा लागत होता. तिला वाटलं थंडी. मला वाटलं मशेरी. पावसाळा गेला तरी घसा सुटेना, गिळताना दुखायला लागलं, तेव्हा मी आणि तिची भाची तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, समजुतीने बोलला. गाठ आवाजाच्या पेटीतच होती. पेटी काढावी लागेल, लवकर काढली तर जीव वाचायची चांगली आशा आहे. मावशीने एकच प्रश्न विचारला, “मंग बोलाला येल?” डॉक्टर म्हणाला, “पहिल्यासारखं नाही.” ती उठली, पदर सावरला आणि मला म्हणाली, “चल. लगीन लागल्यावर येव.”

मी तिच्यावर इतका चिडलो होतो की परतीच्या एसटीत वेगळ्या बाकावर जाऊन बसलो. हरेशला सांगायचं नाही, अशी तिने शपथ घातली. “भ्यालेला नवरा पाटावर बसवाचा न्हाय.” हरेशचं येणं मात्र पुढे पुढे ढकललं जात होतं. आधी हॉटेलमालक सुट्टी देईना. मग अनूला दिवस गेले. मग मुलगी झाली, ती विमानात बसवण्याएवढी मोठी व्हायची होती. प्रत्येक वेळी मावशी म्हणायची, “येवदे सावकास. पोरगी आयबापाच्या लगनाला येल, अजून काय पायजे?” आणि फोन ठेवून पायरीवर बसून धापा टाकायची. गाणं जपून ठेवायचं म्हणून तिने गावच्या लग्नांना जाणं सोडलं. रस्त्यात कोणी हाक मारली तर मान हलवायची. आवाज जणू कनवटीला बांधून ठेवला होता, फक्त फोनवर थोडा खर्च करायची.

शेवटी शपथ मोडून मी हरेशला सगळं सांगितलं. तो फोनवर लहान मुलासारखा रडला. मिळेल त्या पहिल्या विमानाची तिकिटं काढतो म्हणाला, आणि काढलीही.

ते यायच्या आठवड्यातच मावशीचा श्वास कोंडला. गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागली, तेव्हा कुठे जीव राहिला. शुद्धीवर आल्यावर तिने तोंड उघडलं, ओठ हलले आणि हवा नळीतून बाहेर गेली. तिने पुन्हा ओठ हलवले. मग माझ्याकडे पाहिलं. मी आजवर पुष्कळ माणसं रडताना पाहिली आहेत, पण रडण्याचासुद्धा आवाज नसलेलं रडणं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. देव वगैरे जे काही असतं त्याचा मला त्या दिवशी जो संताप आला, तो अजून गेलेला नाही.

हरेश म्हणाला, राहू दे आये, आपण नुसता नमस्कार करू. तिने जोरजोरात मान हलवली. अंगणात उंबराची फांदी रोवून मांडव घातला. भर दुपारची वेळ. पाटावर हरेश, शेजारी हिरव्या लुगड्यात अवघडून बसलेली अनू, तिच्या हातभर चुडा; मुलगी कोणाच्या तरी मांडीवर झोपलेली. मावशी गळ्याभोवती पांढरा कपडा गुंडाळून समोर बसली. पुढे जातं, उखळ, हळद, तांदूळ आणि बेकरीतून आणलेला पाव. भोवती गावच्या बाया बसल्या. भाचीने घाबरत हिराकाकीला म्हटलं, “काकी, तुम्ही सुरुवात करा ना. तुम्हांला पाठ असेल.”

हिराकाकी मावशीच्याच वयाची, आयुष्यभर तिच्या मागे बसलेली. ती म्हणाली, “मना कंचा येतंय गो? ती बोलली का आमी बोलाचा. आमी कवा पुरं न्हाय बोललो.”

मावशीने जात्यावर तांदूळ ठेवले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. नळीतून फक्त फुसफूस येत होती. बाया तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. एखादी ओळ उचलावी म्हणून कोणाचं तोंड उघडायचं आणि तसंच मिटायचं, कारण उचलायला काही नव्हतं. जातं झालं, उखळ झालं, चूल झाली. प्रत्येकावर ती तांदूळ ठेवायची, ओठांनी बोलवायची, जराही न आटपता. रस्त्यावरून ट्रक जात होते. कोणी हललं नाही. इतक्या बाया, इतकं मोठं गाणं, आणि मांडवात मढं असावं तशी शांतता.

मग तिने पाव उचलला, त्यावर तांदूळ ठेवले आणि अनूच्या पुढे धरला. ओठ हलले. अनूला त्या सगळ्यातलं काहीच कळत नव्हतं, पण हातातली वस्तू ओळखीची होती आणि ते ओठ कोणता शब्द म्हणताहेत हेही तिला ठाऊक होतं. तिनेच तो शिकवला होता. ती मोठ्याने म्हणाली, “साय.”

आणि सवयीने सगळ्या बायांनी तो उचलला. इतका वेळ घशात अडकलेले पंधरावीस आवाज एकदम बाहेर पडले, धवल्याच्या त्या लांबलेल्या चालीत: “साऽऽय गोऽऽ.” मावशीने डोळे मिटले, मान डोलावली. पुढची ओळ तिने ओठांनी म्हटली. ती कोणाला उचलता आली नाही.

सुट्टी संपली, ते परत गेले. मावशीने ऑपरेशनला होकार दिला, पण डॉक्टर म्हणाला आता उपयोग नाही. श्रावणात ती गेली. हरेशला वेळेवर पोचता आलं नाही. बाराव्या दिवशी बूथमधला फोन वाजला. त्याने सांगितलं, अनूने आज घरी ती काळी लेइब भाजली आणि आयेच्या फोटोपुढे ठेवली; आये बाराव्याला बोलावून ठेवून गेली होती ना तिला. म्हणजे ते भाषांतर त्याने केलं होतं. मी हूं म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर राहनाळात पुष्कळ लग्नं झाली. बेंजो वाजतो, जेवणं उत्तम असतात, जातं मांडवात आणून ठेवतात आणि तसंच उचलून नेतात. हिराकाकीला विचारून, भाचीला विचारून मी कितीदा धवला जुळवून पाहिला. कोणाला चाल आठवते, कोणाला शेवटचा हेल. मला स्वतःला पावाला बोलवणाऱ्या दोन ओळी तेवढ्या येतात. हिराकाकीला आणि सगळ्या बायांना त्यांतला ‘साय’ एवढा शब्द येतो. तो कोणी विसरलेलं नाही. जात्याला मावशी कोणत्या नावाने हाक मारायची, चुलीला काय म्हणायची, खाडीला कशी बोलवायची, यांतलं काही कोणालाच येत नाही. नाव घेतल्याशिवाय कोणी येत नाही, हे तीच सांगायची. आमच्या मांडवात आता सात समुद्रांपलीकडचा पाव तेवढा बोलावता येतो. घरचं कोणी नाही.