पांढऱ्या गणवेशातली ताई

आमच्या छापखान्यात फोटो सुधारणाऱ्या बाईंना सगळे ‘दोनशेपंचेचाळीस’ म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त मशीनवरच्या काकांची. संगणकाच्या हिशेबात अगदी काळ्याचा आकडा शून्य आणि अगदी पांढऱ्याचा दोनशेपंचावन्न. बाई कुठलाही फोटो काळ्याच्या बाजूला दहाच्या खाली उतरू देत नसत आणि पांढऱ्याच्या बाजूला दोनशेपंचेचाळीसच्या वर चढू देत नसत. काळं फार खाली नेलं की कागदावर शाईचा चिखल होतो, पांढरं फार वर नेलं की तिथं शाईच पडत नाही, हे त्या दिवसातून चार वेळा सांगत. त्यातलं तीन वेळा ओरडून. मी पलीकडच्या टेबलावर प्रुफं वाचायचो, त्यामुळे झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

बाईंचा राग ही आमच्याकडची एकमेव यंत्रणा, जी कधी बंद पडली नाही. चष्मा डोक्यावर गेला की पहिली घंटा, खुर्ची मागे सरकली की दुसरी. दुसरीनंतर शहाणी माणसं चहाला जात.

त्या बुधवारचा राग मात्र वेगळा होता. बाईंची थोरली बहीण इस्पितळात मेट्रन. शुक्रवारी ती चौतीस वर्षांनी निवृत्त होणार होती आणि इस्पितळाची स्मरणिका आमच्याकडे छपाईला आली होती. मधल्या पानावर सगळ्या परिचारिकांचा फोटो. पांढरे गणवेश, मागे पांढरी भिंत, मधोमध पांढऱ्या केसांची ताई. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी छापलेल्या स्मरणिकेत ताईचा नुसता चेहरा भिंतीला चिकटवल्यासारखा आला होता. ना खांदे, ना केस. घरच्यांनी महिनाभर चेष्टा केली, ताईही हसली, आणि मग तो अंक तिनं कपाटात सगळ्यात खाली टाकला. गणवेशातला तिचा दुसरा फोटो नव्हता, आणि यानंतर गणवेशच नव्हता. म्हणून बाई दोन दिवस त्या फोटोवर खपल्या. कॉलरची शिवण, खिशाची कड, अंबाडा, सगळं त्यांनी भिंतीपासून एकेक करून सोडवून घेतलं.

मालकांचा भाचा नुकताच व्यवस्थापक झाला होता. त्याला फोटो मळकट वाटला. बाई जेवायला गेल्या तशी त्यानं फाइल उघडली, फोटो आपोआप उजळवणारं ‘ऑटो’चं बटण दाबलं, स्वतःवरच खूश झाला आणि छपाईची प्लेट काढायला पाठवून दिली.

डबा धुऊन येताना बाई मशीनपाशी थांबल्या. पहिले कागद बाहेर पडत होते. त्यांनी एक उचलला. चष्मा डोक्यावर गेला नाही, नाकावरच राहिला. मी घाबरलो.

“काका, मशीन बंद करा.”

काकांनी लगेच मशीन थांबवलं. भाचा धावत आला. मॅडम, पडद्यावर बघा ना किती छान उजळलंय, असं तो सांगू लागला. बाईंनी त्याचं मनगट धरून बोट ताईच्या खांद्यावर टेकवलं.

“इथं काय आहे?”

“पांढरा गणवेश.”

“कागद आहे. शाईचा एक ठिपका नाही. तुझं मशीन माझ्या बहिणीवरून गेलं आणि त्यानं काहीच छापलं नाही. चौतीस वर्षं ती तिथं उभी राहिली, आणि तू तिच्या जागी कोरा कागद ठेवलास.”

मामांना विचारावं लागेल, असं भाचा पुटपुटला. मामा आपण होऊनच बाहेर आले, कारण आवाज रस्त्यापर्यंत पोचला होता. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. भाच्याला खुर्ची कुणी दिली, तिथपासून सुरुवात केली. मालक त्यांना वीस वर्षं ओळखत होते. नवी प्लेट काढा म्हणाले, केबिनमध्ये गेले आणि आतून कडी लावून घेतली.

शनिवारी ताई स्मरणिका घेऊन छापखान्यात आली. आभार मानायला आली असेल, असं आम्हाला वाटलं. पण रागाचा मूळ कारखाना ताईच. आमच्या बाई म्हणजे त्याची शाखा. तिनं मधलं पान उघडून स्वतःच्या खिशावर बोट ठेवलं. खिशाखाली एक सुरकुती होती, आणि पेन गळल्याचा फिकट डाग.

“डाग घेऊन मी वॉर्डात कधी पाऊल टाकलं नाही. आणि तू हजार प्रतींत छापलास?”

“तुझ्या खिशावर होता तो.”

“पुसता आला नसता?”

“आला असता.”

“मग?”

“मग त्या गाढवात आणि माझ्यात फरक काय राहिला, ताई?”

गाढव तिथंच उभं होतं. त्यानं मान खाली घातली.

ताईनं खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पान डोळ्यांजवळ नेलं. दुसऱ्या रांगेतल्या एका परिचारिकेचं बटण तुटलेलं तिला दिसलं. फोटोला येतानासुद्धा हिला सुई-दोरा मिळाला नाही, म्हणून ती करवादली. मग एकीची चुरगळलेली कॉलर सापडली, एकीचा उलटा लावलेला बिल्ला. एकेका गणवेशाची झडती घेत तिसऱ्या रांगेपर्यंत पोचायला तिला पाऊण तास लागला. तेवढा वेळ बाई शेजारी उभ्या होत्या, कपाळाला आठ्या घालून, आणि तिनं काढलेल्या प्रत्येक खोडीला म्हणत होत्या, “हो, दिसतंय.”