त्रेसष्टावा प्रश्न

दैवशाला कातकडेवर माझा राग आहे. आज तिची हकीकत सांगायला बसले म्हणून तो निवला असं कुणी समजू नये.

आम्ही दोघी कासारखेडच्या, एकाच गल्लीतल्या. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायचे. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि विसाव्या वर्षी ती परत आली. नवरा मारायचा. एकदा डोकं फुटलं तेव्हा ती तशीच पदर धरून ठाण्यात गेली होती. तिथल्या हवालदारानं तिला पाणी दिलं, बसायला बाकडं दिलं, आणि तक्रार लिहायची वही काही उघडली नाही. "घरातलं घरात मिटवा," म्हणाला. तासभर बसून ती उठली आणि सासरी न जाता सरळ माहेरच्या बसमध्ये चढली. पुढं कधी विषय निघाला तर नवऱ्याबद्दल ती फारसं बोलायची नाही, त्या न उघडलेल्या वहीबद्दल मात्र बोलायची. "त्या खुर्चीवर मी बसणार हाये," एवढंच.

मग ती डाळमिलमध्ये लागली. तुरीच्या डाळीतले खडे निवडायचे, दहा ते सहा. पहाटे मैदानावर आठशे मीटर पळायचं, गोळा फेकायचा, आंघोळ करून टेकाळे सरांच्या वर्गाला बसायचं आणि तिथून मिलमध्ये. तीन भरत्यांत तिचं नाव हुकलं. ही चौथी, आणि वयाच्या हिशेबानं शेवटची. बत्तिसावं सरत आलं होतं.

टेकाळे सरांची पोलीस भरतीची अकॅडमी म्हणजे आमच्या तालुक्याचं एक दैवतच. मोठा पत्र्याचा हॉल, भिंतीवर निवड झालेल्या पोरांचे फोटो, आणि सरांचं स्वतःचं पुस्तक, सामान्य ज्ञानाचे सात हजार एका ओळीचे प्रश्न. शिकवणं म्हणजे सर प्रश्न ओरडणार आणि आम्ही दीडशे जण उत्तर ओरडणार.

"राष्ट्रीय प्राणी?"

"वाघ."

"राष्ट्रीय पक्षी?"

"मोर."

"राष्ट्रीय फळ?"

"आंबा."

"राष्ट्रीय खेळ?"

"हॉकी."

त्या दिवशी अक्का ओरडली नाही. सरांचं लक्ष गेलं.

"काय कातकडे, जीभ चावली का?"

"सर, हॉकी कुठं लिहिलंय?"

"पुस्तकात. पान एकशे बारा. पुस्तक घेतलंयस ना?"

"पुस्तकात कुठून आलं? मी पेपरात वाचलंय, केंद्र सरकारनंच माहिती अधिकारात लेखी दिलंय. कोणत्याच खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेलं नाही."

सर फळ्याला टेकून उभे राहिले. हसले. त्यांचं हसू मला तेव्हा आवडायचं, हे सांगायला आज लाज वाटते.

"कातकडे, तुला गुण पाहिजेत का ज्ञान? ज्ञान पाहिजे असेल तर कॉलेजला जा. मिलमध्ये खडे निवडून निवडून सवय लागली बघा हिला. आमच्या पुस्तकातबी खडे निवडायली."

दीडशे जण हसले. मीही हसले. सरांनी तिला उरलेला तास दाराबाहेर उभं केलं. बत्तीस वर्षांची बाई, चपला काढायच्या जागी, वही छातीशी धरून. आत येणारी-जाणारी पोरं तिला वळसा घालून जात होती.

त्याच आठवड्यात तिनं पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर घेतली आणि माहिती अधिकाराचा अर्ज दिल्लीला पाठवला. दीड महिन्यानं उत्तर आलं. इंग्रजीत होतं, म्हणून ती माझ्याकडे घेऊन आली. मी बारावी सायन्स. मी तिला मोठ्यानं वाचून, अर्थ लावून सांगितला. जे पेपरात होतं तेच. खाली सही, शिक्का, तारीख. तिनं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला.

म्हणजे मला ठाऊक होतं. पुढचं ऐकताना हे ध्यानात ठेवा.

पन्नास गुणांची मैदानी झाली, मग लेखी आली. शंभर प्रश्न, शंभर गुण, दीड तास. अक्का माझ्या पुढच्या रांगेत बसली होती, तिची वेणी मला दिसत होती. त्रेसष्टावा प्रश्न होता : भारताचा अधिकृत राष्ट्रीय खेळ कोणता? क्रिकेट, कबड्डी, हॉकी, यापैकी नाही.

मी पेन उचलून थांबले. पेपर काढणारेही असलीच पुस्तकं चाळतात, हे सरांचं नेहमीचं बोलणं. मी विचार केला तो एवढाच, की तपासणाऱ्याला काय पाहिजे असेल. आणि हॉकीचा गोल काळा केला.

बाहेर आल्यावर नळावर पाणी पिताना मी तिला विचारलं, "त्रेसष्टला काय केलंस?"

"जे हाये ते."

"अक्का, उत्तरतालिकेत हॉकी आलं तर?"

"तर चूक त्यांची."

"आणि गुण कुणाचा जाईल?"

तिनं ओंजळ झटकली आणि चालायला लागली.

उत्तरतालिका लागली. हॉकी. त्याबरोबर मैदानी-लेखी मिळून गुणांची तात्पुरती यादी. आमच्या प्रवर्गात बायकांच्या जागा दोन. पहिली दुसऱ्या तालुक्यातली, एकशे सदतीस गुणांची. दुसरी मी, एकशे एकतीस. तिसरी दैवशाला कातकडे, एकशे तीस. तिच्यामागची सहा गुणांनी खाली.

आमच्या दारात गुलाल उधळला. सरांनी दुसऱ्याच दिवशी चौकात माझा बॅनर लावला, खाकी टोपी फोटोला जोडून. माझे वडील तो बघायला दिवसातून तीनदा चौकात जायचे. हरकतीला तीन दिवस होते, पण हरकत कोण घेतं?

बॅनर लागला त्याच संध्याकाळी अक्का मिलमधून परस्पर आमच्याकडे आली. केसांत डाळीची पिवळी धूळ तशीच. उभ्या उभ्याच म्हणाली, "संजू, मी उद्या हरकत घेणार हाये. उत्तर बदललं तर तुझा एक जाईल, माझा एक वाढेल. तुला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून आले."

माझ्या अंगाची आग झाली.

"माझी जागा घ्यायला आलीस, तेबी माझ्याच घरात?"

"तुझी जागा नाही घ्यायली. माझा गुण मागायली."

"एक गोल काळा करायचा होता. तुझं काय गेलं असतं हॉकी लिहून? सगळ्यांनी लिहिलं. सगळे काय येडे आहेत?"

"तुला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग माझ्यावर कशाला चिडतीस?" मी दार लावून घेतलं. आई आतून विचारत होती, चहा टाकू का.

रात्र व्हायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं. माझे चुलते तिच्या वडिलांना जाऊन बोलले. टेकाळे सर स्वतः गाडी घेऊन आले. तिच्या अंगणात बाजेवर बसून म्हणाले, "एकाच गल्लीच्या, एकाच समाजाच्या पोरी. एकीच्या ताटातलं दुसरीनं ओढायचं, हे शोभतं का?" तिचे वडील मान खाली घालून बसले होते. अक्का भाकरी थापत होती. तिनं परातीतला हात काढला नाही.

"सर, ताट तुम्ही चुकीचं वाढलं. आता पंगतीला बोल लावू नका."

"तुझ्या एका हट्टापायी माझ्या पस्तीस पोरांचा गुण जाईल."

"मी वर्गात विचारलं होतं तेव्हा तुम्ही मला दाराबाहेर उभं केलं. तेव्हाच बघितलं असतं तर पस्तिसांचा वाढला असता."

दुसऱ्या दिवशी ती जिल्ह्याला गेली. तिथला किस्सा मला मिलमधल्या सरूबाईकडून कळला, ती सोबतीला गेली होती. खिडकीतला बाबू म्हणाला, पुराव्याला पुस्तक जोडा, पान नंबर टाका. हिनं पत्र पुढं केलं. तो म्हणाला, पत्र चालत नाही, पुस्तकच लागतं, आणि टेकाळेंचंच पुस्तक काढून दाखवलं, त्यात तर हॉकी आहे.

"साहेब, हे सरकारचं पत्र हाये. ते एका माणसानं विकायला छापलंय. यातलं खरं कोणतं, हे मी तुम्हाला सांगायचं का?"

"बाई, तुमचं नाव नाही लागलं म्हणून तुम्ही असं करायल्या."

"व्हय. म्हणूनच करायली. अर्ज घ्या आणि पोच द्या."

त्यानं जेवायची सुट्टी झाली म्हणून खिडकी लावली. ही तिथंच बसली. खिडकी उघडली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू. साडेचारला त्यानं वैतागून शिक्का मारला. सरूबाई म्हणाली, राग तिला भयंकर आला होता, पण आवाज एकदाही चढला नाही.

बारा दिवसांनी सुधारित उत्तरतालिका आली. त्रेसष्ट : यापैकी नाही. दैवशाला कातकडे एकशे एकतीस. संजीवनी सानप एकशे तीस.

माझा बॅनर सरांच्या माणसांनी दुपारी उतरवला. वडील त्या वेळी चौकातच होते. संध्याकाळी तिथंच अक्काचा बॅनर लागला, तीच खाकी टोपी, आणि वर लिहिलेलं, 'टेकाळे सरांच्या मार्गदर्शनाचे यश'. ते तिला मिलमध्ये कुणीतरी सांगितलं. पोत्यांच्या सुतळ्या कापायचा विळा घेऊन ती चौकात आली, पानटपरीचा स्टूल ओढला, वर चढली आणि दोऱ्या कापल्या. बॅनर गटारीच्या कडेला पडला. लोक बघत होते. मीही माडीवरून बघत होते. मला वाटलं होतं की बरं वाटेल. नाही वाटलं. तो पाडायचा हक्कही तिलाच मिळाला, याचाच राग आला.

चार दिवसांनी सरांनी मला हॉलवर बोलावलं. पुढच्या बॅचला फी माफ म्हणाले. चहा मागवला. मग टाइप केलेला एक अर्ज पुढं सरकवला. लेखी परीक्षेत उमेदवार दैवशाला कातकडे हिनं शेजारच्या उमेदवाराशी खुणा करून उत्तरं घेतली, मागच्या रांगेतून संजीवनी सानप हिनं ते प्रत्यक्ष पाहिलं. खाली माझ्या नावापुढं मोकळी जागा.

"चौकशी लागली की तिची नेमणूक थांबते," सर म्हणाले. "पुढची तूच आहेस. तुझ्या बापाकडं बघवत नाही गं."

मी अर्ज दोनदा वाचला. वडील चौकातून घरी आले तेव्हा बोलले नव्हते, जेवले नव्हते, ते डोळ्यांपुढं आलं. पेन माझ्या हातात होतं. अक्काचा मला इतका राग होता की सही करायला जीव नुसता तडफडत होता, हे मी खोटं सांगणार नाही. पण त्या कागदावरची अक्षरं त्रेसष्टाव्या प्रश्नासारखीच होती. मी पाहिलं होतं काय, तर वेणी. दीड तास एक वेणी, मान खाली. एवढंच.

"मी नाही पाहिलं सर."

"कुणी पाहिलं असं थोडंच असतं? लिहायचं असतं."

तेव्हा माझा राग जागेवरून हलला. ज्या माणसानं सांगितलं म्हणून मी माहीत असलेलं उत्तर सोडलं, तो माणूस मला आता पुढचा गोल दाखवत होता, आणि मी पुन्हा पेन धरून बसले होते.

"सर, हॉकी तुम्ही शिकवली. माझा गुण तुम्ही खाल्ला. तिनं नाही."

"तोंड सांभाळ, सानप."

"फी माफीचं दुसऱ्या कुणाला सांगा."

चहा तसाच ठेवून मी उठले. भिंतीवरच्या फोटोंत माझाही एक अजून होता. तो मी ओढून काढला. चौकटीचा खिळा बोटात घुसला आणि दारातल्या पायरीवर रक्ताचे थेंब पडले, ते पुसायलाही मी थांबले नाही.

सरांना दुसरा साक्षीदार मिळाला नाही, किंवा मिळूनही तो टिकला नाही. अक्का प्रशिक्षणाला गेली. जायच्या आदल्या दिवशी ती आमच्या दारात आली होती. आईनं मला दोनदा हाक मारली. मी आतल्या खोलीत उशीत तोंड घालून पडून राहिले. ती आईच्या हातात माझ्यासाठी तिच्या वह्या ठेवून गेली. कात्रणं खळीनं चिकटवलेल्या अकरा वह्या, प्रत्येक उत्तरासमोर ते कुठून घेतलं त्याची नोंद. त्या वह्या मी चार महिने हातात धरल्या नाहीत. मग धरल्या. अकॅडमी सोडलीच होती, दुसरं होतं काय.

पुढच्या भरतीत शेजारच्या जिल्ह्यात माझं नाव लागलं. वडील तोवर चौकात जायचे बंद झाले होते. पेढे घेऊन मीच त्यांना हाताला धरून नेलं.

टेकाळे सरांचं काही वाईट झालं नाही. हॉल आता दुमजली आहे. पुस्तकाची नवी आवृत्ती मी एका दुकानात उघडून बघितली. राष्ट्रीय खेळ : अधिकृतरीत्या कोणताही नाही. पुढं चांदणी, आणि तळाला लिहिलंय, 'आमच्या संशोधनातून'. मी ते पुस्तक परत फळीवर ठेवलं तेव्हा दुकानदार माझ्या वर्दीकडं आणि तोंडाकडं बघून मागं सरकला.

गेल्या दिवाळीत सुट्टीवर आले तेव्हा बसस्टँडवर अक्का भेटली. सहा वर्षांनी. केस पिकलेत कानाजवळ. ती ठाण्याच्या टेबलावर असते, तक्रारी लिहून घेते. वरचे साहेब तिच्यावर नाराज असतात म्हणे, फार लिहिते म्हणून.

मग ती म्हणाली, "तू त्या कागदावर सही केली नव्हतीस. मला ठाऊक हाये."

"कुणी सांगितलं?"

"टेकाळेनंच. भर बाजारात, शिव्या देत. तुला आणि मला, दोघींना." आणि ती हसली.

मी हसले नाही. मला वाटलं होतं, सहा वर्षांत राग विझला असेल. पण तिचं हसणं ऐकताना वडिलांचं न जेवलेलं ताट आठवलं. "माझा राग गेला नाही अक्का," मी म्हणाले.

"नको जाऊ देऊ," ती म्हणाली. "माझा तरी कुठं गेलाय?"

माझी बस लागली. गर्दीत तिनं माझी बॅग उचलून खिडकीतून आत दिली, जागा धरायला. मी चढले, बसले. बस वळेपर्यंत ती खाली उभी होती, आणि मी खिडकीतून तिच्याकडं बघत होते, हात न हलवता.